रक्तातील कार्बन मोनॉक्साइडचे निष्कासन

शरीरात शिरलेल्या विषाची विल्हेवाट लावण्याचे काम बहुधा यकृत आणि मूत्रपिंडे ह्या इंद्रियांकडे असते. मद्यार्क असो, अफू असो की एखादे औषध असो, यकृतातील विकरे त्याचे रासायनिक रूप पालटतात व मूत्रपिंडे त्याचे अवशेष बाहेर टाकतात. कार्बन मोनॉक्साइड हा ह्या नियमास अपवाद होय. हा वायू ज्या रूपात फुप्फुसांवाटे आत येतो, जवळजवळ त्याच रूपात आणि त्याच वाटेने परत जातो. त्याला बाहेर जाऊ देणे एवढेच शरीराच्या हाती असते, आणि हे बाहेर जाणे इतके मंद का असावे हा शरीरक्रियाविज्ञानातील एक उद्बोधक प्रश्न आहे.

प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. बंद स्नानगृहात जळणारा गॅस गिझर, थंडीच्या रात्री दारेखिडक्या लावून धगधगत ठेवलेली कोळशाची शेगडी, आगीच्या धुरात सापडलेला मनुष्य, ह्यांपैकी कोणत्याही प्रसंगी रोग्याला प्राणवायू किती वेळ द्यावा, रक्ततपासणीच्या आकड्यावर कितपत विसंबावे, आणि रोगी शुद्धीवर आला म्हणजे तो बरा झाला असे मानावे काय, ह्या साऱ्यांची उत्तरे त्या एका प्रश्नाच्या उत्तराशी निगडित आहेत.

रक्तारुणाशी संयोग

कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा रक्ताच्या द्वारे होते हे दाखवून देण्याचे श्रेय फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार ह्यास दिले जाते. ह्या वायूने मेलेल्या कुत्र्याच्या नीलांतील रक्तही रोहिणीतील रक्तासारखे लालभडक असते असे त्यास आढळले. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत त्याने त्याचा अर्थ असा लावला की, हा वायू तांबड्या पेशींतील प्राणवायूची जागा बळकावतो. त्याच सुमारास जर्मनीत फेलिक्स होपे-झायलर हाही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाप्रत आला होता.

रक्तारुणाचे, म्हणजेच हीमोग्लोबिनचे, कार्बन मोनॉक्साइडविषयीचे आकर्षण प्राणवायूविषयीच्या आकर्षणाच्या २०० ते २५० पट असते, हे विधान प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. त्यावरून विद्यार्थ्याची अशी समजूत होते की, हा वायू प्राणवायूपेक्षा कितीतरी त्वरेने रक्तारुणाला जाऊन चिकटत असला पाहिजे. वस्तुस्थिती उलट आहे. हार्ट्रिज आणि रफ्टन ह्या केंब्रिजच्या संशोधकांनी १९२३ साली सेकंदाच्या अत्यल्प भागात घडणाऱ्या विक्रिया मोजण्याची पद्धत प्रचारात आणली, आणि तेव्हापासून ह्या दोन वायूंच्या संयोगाचे व वियोगाचे वेग वेगवेगळे तपासता येऊ लागले. कार्बन मोनॉक्साइड रक्तारुणाशी जोडला जातो तो प्राणवायूपेक्षा सावकाश, अदमासे आठ-दहा पट सावकाश. मात्र एकदा जोडला गेला की त्याचा बंध प्राणवायूच्या बंधापेक्षा सुमारे दोन हजार पट मंद गतीने सुटतो. दोन हजारांस आठाने भागले असता ती प्रसिद्ध अडीचशे पट हाती येते. आगगाडीच्या डब्यात चढताना धक्काबुक्की न करणारा, पण एकदा बसला की स्थानकामागून स्थानके गेली तरी न उठणारा जो उतारू असतो, त्याचीच ही रीत आहे.

येथे एक विसंगती ध्यानात येते. हा मंद सुटणारा बंधही सरासरीने एक-दोन मिनिटांत आपोआप तुटतोच. असे असता विषबाधा झालेल्या मनुष्यास मोकळ्या हवेत आणून बसविले तरी त्याच्या रक्तातील वायू निम्म्यावर येण्यास चार-पाच तास का लागावेत? ह्याचे उत्तर असे की, सुटलेला रेणू शरीराबाहेर पडण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या रिकाम्या जागेशी जोडला जातो, तेथून सुटला की तिसऱ्या जागेशी, आणि हा क्रम चालूच राहतो. वेळ लागतो तो सुटण्यास नव्हे, निसटण्यास. आणि प्राणवायूचे कार्यही ह्यावरून स्पष्ट होते. प्राणवायू कार्बन मोनॉक्साइडला ओढून काढीत नाही. तशी शक्ती त्याच्यात नाही. पहिला रेणू स्वतःहून उठला की रिकामी झालेली जागा प्राणवायू व्यापतो, आणि परतीची वाट बंद करतो. प्राणवायूची गर्दी जितकी दाट, तितकी पुन्हा जागा मिळण्याची संधी कमी.

हॉल्डेनचा नियम आणि एक हिशेब

ही स्पर्धा गणिताच्या भाषेत मांडण्याचे काम जॉन स्कॉट हॉल्डेन ह्या शास्त्रज्ञाने केले. कोळशाच्या खाणींतील स्फोटांनंतर मजूर मरतात ते बहुतांशी भाजून वा चिरडून नव्हे तर स्फोटानंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमुळे, हे त्याने १८९६ साली ब्रिटिश सरकारला सादर केलेल्या अहवालात सिद्ध केले. त्याच्या आदल्या वर्षी त्याने हा वायू स्वतः हुंगून आपल्या निम्म्याहून अधिक रक्तारुणाचा व्याप होईपर्यंत प्रयोग चालविले होते. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने अशा प्रयोगास संमती दिली नसती. १९१२ साली डग्लस आणि हॉल्डेन पितापुत्र ह्यांनी मिळून जो निबंध प्रसिद्ध केला त्यात ह्या विषयाचा मूळ नियम आढळतो. (ह्यांतील पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन हे पुढे १९५७ साली भारतात येऊन राहिले, येथील नागरिक झाले व १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.) नियम असा: कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्तारुण आणि प्राणवायूने व्यापलेले रक्तारुण ह्यांचे गुणोत्तर हे त्या दोन वायूंच्या आंशिक दाबांच्या गुणोत्तराच्या एका स्थिर पटीइतके असते. ही स्थिर पट म्हणजेच वर सांगितलेले दोनशे-अडीचशे.

नियम सोपा आहे, परंतु त्याची आकडेमोड करून पाहिल्याखेरीज त्याचे मर्म कळत नाही. समजा, एखाद्याच्या रक्तारुणाचा ४० टक्के भाग कार्बन मोनॉक्साइडने व उरलेला ६० टक्के प्राणवायूने व्यापलेला आहे. तो साधी हवा घेत असून फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत प्राणवायूचा दाब १०० मिमी पारा आहे. स्थिर पट २३० धरल्यास कार्बन मोनॉक्साइडचा दाब निघतो केवळ ०.२९ मिमी. म्हणजे रक्तात विषाचा एवढा साठा असूनही वायुकोशांतील हवेत त्याचे प्रमाण ०.०४ टक्क्यापलीकडे जात नाही. प्रौढ मनुष्याच्या रक्तारुणाची वायू धारण करण्याची एकूण शक्ती अदमासे १ लिटर धरली, तर साठा ४०० घन सेंमी. झाला. वायुकोशांतून मिनिटाला चार-पाच लिटर हवा खेळते. तिच्याबरोबर बाहेर जाणारा कार्बन मोनॉक्साइड फार तर दीड-दोन घन सेंमी. भरतो. साठा चारशेचा आणि निचरा दीड-दोनाचा! शिवाय साठा घटला की दाब घटतो व दाब घटला की निचराही घटतो, म्हणून उरलेले विष आणखी सावकाश जाते.

आता त्याच मनुष्यास शुद्ध प्राणवायू दिला तर वायुकोशांतील प्राणवायूचा दाब १०० वरून ६५० मिमीच्या आसपास जातो. स्थिर पट बदलत नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा दाबही त्याच प्रमाणात वाढून १.९ मिमी होतो. विष तेच, साठा तोच, परंतु त्यास बाहेर ढकलणारा दाब साडेसहा पट. प्राणवायूच्या उपचाराचे सारे सामर्थ्य ह्या एका गुणाकारात साठविलेले आहे.

वायू जळतो की जातो?

हा हिशेब मान्य केला तरी एक शंका उरते. रक्तातील घट मोजणाऱ्यास फक्त घट दिसते. वायू उच्छ्वासावाटे गेला की ऊतकांत जळून त्याचा कार्बन डाय-ऑक्साइड झाला, हे त्यावरून कळत नाही. ही शंका निराधार नव्हती, कारण बेडकाच्या स्नायूंत कार्बन मोनॉक्साइडचे थोडे ज्वलन होते असे फेन ह्याने १९३२ च्या सुमारास दाखविले होते. मनुष्याच्या बाबतीत तिचा निकाल १९४५ साली लागला. टोबायस, लॉरेन्स, रफ्टन व त्यांचे सहकारी ह्यांनी किरणोत्सर्गी कार्बन-११ पासून बनविलेला कार्बन मोनॉक्साइड माणसांना हुंगावयास दिला आणि उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये किरणोत्सर्ग उतरतो काय हे तपासले. कार्बन-११ चा किरणोत्सर्ग वीस मिनिटांत निम्म्यावर येतो, ह्यावरून किती घाईने ही मोजमापे उरकावी लागली असतील ह्याची कल्पना येईल. ज्वलनाचा अंश नगण्य निघाला. पेशींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज ह्या विकरामुळे थोडे ऑक्सिडीकरण होते हे खरे, परंतु निष्कासनाच्या हिशेबात त्यास स्थान नाही.

उलटपक्षी शरीर स्वतःच हा वायू निर्माण करते. स्टॉकहोम येथील स्यॉस्ट्रांड ह्याने १९४९ साली ही गोष्ट निदर्शनास आणली, आणि १९६८ साली टेनहुनेन, मार्व्हर व श्मिड ह्यांनी ती घडवून आणणारे हीम ऑक्सिजनेज हे विकर शोधून काढले. जुन्या तांबड्या पेशी मोडतात तेव्हा त्यांतील प्रत्येक हीम रेणूमागे कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू मोकळा होतो. ह्यामुळे धूम्रपान न करणाऱ्या निरोगी मनुष्याच्या रक्तातही ह्या वायूचे प्रमाण शून्यावर कधीच येत नाही. ते एक टक्क्याच्या आतबाहेर राहते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ते ३ ते १० टक्क्यांपर्यंत असू शकते, ही गोष्ट तपासणीचा अर्थ लावताना विसरून चालत नाही. शरीरांतर्गत निर्मितीचे एक विचित्र उदाहरण म्हणजे रंग खरवडण्याच्या द्रवांत वापरले जाणारे डायक्लोरोमिथेन. त्याची वाफ हुंगल्यास यकृत तिचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर करते, आणि मनुष्य स्वच्छ हवेत आल्यानंतरही रक्तातील प्रमाण काही काळ वाढत राहते.

अर्धकाल

रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या अवधीस अर्धकाल असे म्हणता येईल. अमेरिकेत मिलवॉकी येथे पीटरसन व स्ट्यूअर्ट ह्यांनी निरोगी तरुणांवर केलेली व १९७० साली प्रसिद्ध झालेली मोजमापे पुढे सर्वत्र उद्धृत होत राहिली. त्यांनुसार साध्या हवेत अर्धकाल सरासरी ३२० मिनिटे, शुद्ध प्राणवायूत ८० मिनिटे आणि तीन वातावरणे दाबाच्या प्राणवायूत सुमारे २३ मिनिटे भरतो. पूर्वीच्या उदाहरणातील ४० टक्क्यांच्या रोग्यास हे आकडे लावले तर चार तासांनंतर साध्या हवेत त्याच्या रक्तात २४ टक्के विष शिल्लक राहील, आणि प्राणवायूवर केवळ ५ टक्के. खिडकी उघडून रोग्यास पडून राहू देणे हा उपचार का नव्हे, हे ह्या दोन आकड्यांत आले.

तथापि ह्या आकड्यांतच एक खोच आहे. प्राणवायूचा दाब साडेसहा पट वाढला असता अर्धकाल चौथ्या हिश्श्यावरच का थांबावा? नित्याचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसत नाही व बाजूने साधी हवा आत शिरते, हे एक कारण. स्नायूंतील साठा, ज्याचा विचार पुढे केला आहे, तो रक्तात परत येऊन घट मंदावतो, हे दुसरे. शिवाय ३२० ही सरासरी आहे. त्याच प्रयोगांत व्यक्तिपरत्वे अर्धकाल १२८ पासून ४०९ मिनिटांपर्यंत आढळला होता. प्रत्यक्ष रोग्यांविषयीची माहिती ह्याहून उद्बोधक आहे. वीव्हर व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ९३ रोग्यांचा प्राणवायूवरील अर्धकाल सरासरी ७४ मिनिटे भरला, पण त्याची कक्षा २६ पासून १४८ मिनिटांपर्यंत पसरलेली होती.

ह्या कक्षेचा परिणाम दाखविण्यास एक हिशेब पुरेसा आहे. रोग्याला प्राणवायू सुरू केल्यानंतर ७५ मिनिटांनी रक्त काढले व त्यात १० टक्के प्रमाण आढळले. आरंभी ते किती असावे? सरासरी अर्धकाल धरल्यास २० टक्के. अर्धकाल १४८ मिनिटे असल्यास १४ टक्के. आणि २६ मिनिटे असल्यास ७४ टक्के, जे बहुधा प्राणघातक ठरावे! एकाच तपासणीतून क्षुल्लक बाधा आणि मरणप्राय बाधा असे दोन्ही निष्कर्ष काढता येतात. उलट मोजणीने मूळ प्रमाण ठरविण्याची जी पद्धत कित्येक ठिकाणी रूढ आहे तिच्यावर ह्यापेक्षा अधिक टीका करण्याचे कारण नाही. बोटाला लावावयाचा नेहमीचा पल्स ऑक्सिमीटर तर ह्या कामी निव्वळ फसवा आहे, कारण दोन प्रकारच्या लाल रक्तारुणांत त्याला भेद करता येत नाही व तो रोग्याची स्थिती उत्तम असल्याचे दर्शवितो.

श्वसनाचा वाटा

प्राणवायूच्या दाबाखेरीज निष्कासनाचा वेग ठरविणारा दुसरा घटक म्हणजे श्वसनाचे आकारमान. कोबर्न, फॉर्स्टर आणि केन ह्यांनी १९६५ साली जे समीकरण मांडले त्यात वायूच्या वाटेत दोन अडथळे गृहीत धरले आहेत: एक वायुकोशाच्या पातळ भित्तीतून होणाऱ्या विसरणाचा, आणि दुसरा वायुकोशातील हवा बदलण्याचा. विश्रांत अवस्थेतील नेहमीची मूल्ये घालून पाहिल्यास ह्यांतील दुसरा अडथळा पहिल्याच्या चौपट-पाचपट भरतो. अर्थात हवा जितकी अधिक खेळेल तितका निचरा अधिक. लहान मुलांत हा वायू प्रौढांपेक्षा लवकर निघून जातो त्याचे कारणही हेच; शरीराच्या मानाने त्यांचे श्वसन मोठे असते.

हे तत्त्व समीकरणाच्या कितीतरी आधी येल विद्यापीठातील यँडेल हेंडरसन व हॉवर्ड हॅगर्ड ह्यांच्या ध्यानात आले होते. कार्बन डाय-ऑक्साइड श्वसनाला चेतविणारा असल्याने त्यांनी १९२० नंतरच्या दशकात प्राणवायूत त्याचे ५ टक्के मिश्रण करून ते रोग्यांस देण्याचा पुरस्कार केला. अमेरिकेतील बचाव पथकांनी ते अनेक वर्षे वापरले. पुढे ते मागे पडले. कल्पना चुकीची होती म्हणून नव्हे. गंभीर रोग्याचे रक्त आधीच आम्लतेकडे झुकलेले असते व श्वसनकेंद्र मंदावलेले असल्यास बाहेरून दिलेला कार्बन डाय-ऑक्साइड श्वसन न वाढविता आम्लता मात्र वाढवितो. ही अडचण टाळण्याचा मार्ग टोरांटो येथील संशोधकांनी २००० साली सुचविला. रोग्यास जोराने श्वसन करावयास लावावयाचे, आणि त्यामुळे जेवढा कार्बन डाय-ऑक्साइड अधिक निघून जाईल तेवढाच श्वासात परत मिसळावयाचा, म्हणजे रक्तातील त्याची पातळी ढळत नाही. निरोगी स्वयंसेवकांत ह्या रीतीने प्राणवायूवरील अर्धकाल ७८ मिनिटांवरून ३१ मिनिटांवर आला. अशा उपकरणास अमेरिकेत २०१९ साली परवानगी मिळाली. हेंडरसनचे तत्त्व शंभर वर्षांनी असे परत आले आहे.

दाबाखालील प्राणवायू

दाबाखालील प्राणवायूचा उपयोग दुहेरी आहे. एक म्हणजे वर सांगितलेल्या गुणाकाराने विष जलद बाहेर पडते. १९५० साली पेस, स्ट्राजमन आणि वॉकर ह्यांनी मनुष्यावर ह्याचा पडताळा घेतला. दुसरा उपयोग हॉल्डेनने १८९५ सालीच उंदरांवर दाखविला होता. दोन वातावरणे दाबाच्या प्राणवायूत ठेवलेले उंदीर, त्यांचे रक्तारुण कार्बन मोनॉक्साइडने जवळजवळ पूर्ण व्यापले असताही, जिवंत राहिले. रक्तारुण निकामी झाले तरी रक्तरसात नुसता विरघळलेला प्राणवायू त्यांना पुरला होता. साध्या हवेत १०० घन सेंमी. रक्तरसात जेमतेम ०.३ घन सेंमी. प्राणवायू विरघळतो, एका वातावरणाच्या शुद्ध प्राणवायूत सुमारे २, आणि तीन वातावरणे दाबाला सुमारे ६. विश्रांत शरीर १०० घन सेंमी. रक्तातून सुमारे ५ घन सेंमी. प्राणवायू घेते. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे उंदीर का जगले हे कळते.

ग्लासगो येथे स्मिथ व शार्प ह्यांनी १९६० साली हा उपचार रोग्यांवर केला. त्या काळी ब्रिटनमध्ये घरोघरी येणारा दगडी कोळशाचा गॅस हाच कार्बन मोनॉक्साइडयुक्त असे, त्यामुळे रोग्यांची वाण नव्हती. आज स्वयंपाकासाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसमध्ये मुळात कार्बन मोनॉक्साइड नसतो. हवा अपुरी पडून ज्वलन अर्धवट झाले म्हणजे तो निर्माण होतो.

निचरा आणि आरोग्य

येथपर्यंतचे विवेचन रक्तापुरते झाले. परंतु शरीरातील सुमारे १० ते १५ टक्के कार्बन मोनॉक्साइड रक्ताबाहेर, मुख्यतः स्नायू व हृदय ह्यांतील मायोग्लोबिनशी जोडलेला असतो. अल्पकाळ परंतु तीव्र बाधा झाली असता प्रारंभी रक्तातील प्रमाण झपाट्याने उतरते व नंतर सावकाश. पहिल्या उतारातील काही भाग शरीराबाहेर गेलेला नसतो. तो रक्तातून स्नायूंत सरकलेला असतो. रक्त मोकळे होऊ लागले की हा साठा पुन्हा रक्तात येतो.

ह्याहून मूलभूत प्रश्न असा की, विष निघून गेले म्हणजे अपाय संपला काय? बेर्नारच्या उपपत्तीनुसार उत्तर होकारार्थी यावयास हवे, कारण जागा बळकावणे हाच एक अपाय असेल तर जागा मोकळी होताच तो दूर झाला पाहिजे. परंतु गोल्डबॉम व सहकाऱ्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ह्या सरळ उपपत्तीस धक्का दिला. ज्या कुत्र्यांना हा वायू हुंगावयास दिला ती मरण पावली. दुसऱ्या गटातील कुत्र्यांचे काही रक्त काढून त्याऐवजी कार्बन मोनॉक्साइडने भारलेल्या तांबड्या पेशी त्यांच्या शरीरात घातल्या. त्यांच्या रक्तातील प्रमाण सुमारे ६० टक्क्यांपर्यंत चढूनही ती जगली. ह्या प्रयोगाच्या अर्थाविषयी मतभेद असले तरी एवढे खरे की, रक्तारुणाला जखडलेला वायू आणि रक्तरसातून ऊतकांत शिरणारा मोकळा वायू ह्यांचे परिणाम एक नव्हेत. पेशीश्वसनाच्या विकरास हा वायू रोखून धरतो व प्रकाशाने तो रोध सुटतो, हे ओटो वारबुर्ग ह्याने १९२० नंतरच्या दशकातच यीस्टवर दाखविले होते. मेंदूत त्यापुढे दाह व मेदद्रव्यांचे ऑक्सिडीकरण ह्यांची मालिका सुरू होते, आणि ती रक्त शुद्ध झाल्यावरही चालू राहते.

ह्याचा दृश्य परिणाम म्हणजे उशिरा प्रकट होणारे मज्जाविकार. रोगी शुद्धीवर येतो, बोलतो-चालतो, घरी जातो. आणि काही दिवसांनी, क्वचित पाच-सहा आठवड्यांनी, त्याची स्मृती ढासळते, चाल बदलते, स्वभाव पालटतो. घरच्या मंडळींना ह्या दोन घटनांचा संबंध सहसा लक्षात येत नाही, आणि चिकित्सकाने पूर्वीची हकीकत विचारली नाही तर त्याच्याही नाही. दाबाखालील प्राणवायूने हे विकार टळतात काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. मेलबर्न येथील १९९९ सालच्या चाचणीत लाभ दिसला नाही. वीव्हर ह्यांच्या २००२ सालच्या चाचणीत, १५२ रोग्यांपैकी दाबाखालील प्राणवायू मिळालेल्यांत सहा आठवड्यांनंतर बौद्धिक विकार २५ टक्के व इतरांत ४६ टक्के आढळले. दोन्ही चाचण्यांतील रोगी, दाब व उपचाराचा आरंभ ह्यांत इतका फरक आहे की त्यांची सरळ तुलना करणे सयुक्तिक ठरत नाही. अर्धकाल २३ मिनिटांवर आणण्याचा युक्तिवाद मात्र येथे लंगडा पडतो: रोगी दाबकक्षात पोचेपर्यंत साध्या प्राणवायूनेच त्याचे रक्त बहुतांशी मोकळे झालेले असते. लाभ असलाच तर तो निष्कासनाखेरीज अन्य मार्गाने होत असला पाहिजे.

गर्भिणीच्या बाबतीत रक्ताचा आकडा आणखी एका तऱ्हेने दिशाभूल करतो. गर्भाच्या रक्तातील प्रमाण आईच्या मागोमाग सावकाश चढते, अखेरीस तिच्याहून थोडे वर जाऊन स्थिरावते, आणि उतरतेही तितक्याच आळसाने. आईचे रक्त मोकळे झाले तेव्हा गर्भाचे झालेले नसते. म्हणून तिला प्राणवायू तिच्या स्वतःच्या गरजेपेक्षा पुष्कळ अधिक वेळ द्यावा लागतो.

विष काढून नेणारा खरा उतारा मात्र अद्याप चिकित्सकाच्या हाती नाही. कार्बन मोनॉक्साइडचा बंध प्रकाशाने तुटतो हे हॉल्डेनला ठाऊक होते. त्याच तत्त्वावर बॉस्टन येथील संशोधकांनी २०१५ साली उंदरांच्या फुप्फुसांवर प्रकाश टाकून निष्कासन जलद होते असे दाखविले. पण मनुष्याच्या छातीच्या भित्तीआड असलेल्या फुप्फुसांपर्यंत तो प्रकाश पोचवावयाचा कसा, ही अडचण आहे. पिट्सबर्ग येथील संशोधकांनी २०१६ साली दुसरी वाट धरली. न्यूरोग्लोबिन ह्या मेंदूतील प्रथिनात फेरफार करून त्यांनी असे प्रथिन बनविले की, ज्याचे कार्बन मोनॉक्साइडविषयीचे आकर्षण रक्तारुणाच्या सुमारे ५०० पट आहे. विषबाधा झालेल्या उंदरांच्या रक्तात ते सोडले असता त्याने तांबड्या पेशींतील वायू स्वतःकडे घेतला, आणि त्या वायूसह ते प्रथिन मूत्रपिंडांवाटे मूत्रात उतरले.